गजावरच्या दोन खुणा

आपण मराठी माणसे बंदुकीला हात न लावता दिवसभर बार भरत असतो आणि उडवत असतो. एखादी गोष्ट निश्चयाने सांगायची असली की ती आपण ‘ठासून’ सांगतो. मुलीचे लग्न लवकर आटोपायचे असले की ‘बार उडवून देतो’. पुढाऱ्याचे भाषण पडले की ‘फुसका बार’ म्हणून मोकळे होतो. हे शब्द ज्या बंदुकीने आपल्या तोंडी बसवले, ती बंदूक मात्र आता फार थोड्या घरांत उरली आहे. कोकणात अजून ती शेतकऱ्याच्या माजघरात सापडते. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडते, आपट्याची पाने वाहिली जातात, आणि भात पोटरीत आले की ती खाली उतरते. तिला ठासणीची बंदूक म्हणतात.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हल्लीच्या बंदुकीत काडतूस घातले की काम झाले. दारू, गोळी, ठिणगी सगळे त्या एका नळकांड्यात कारखान्यानेच भरून दिलेले असते. ठासणीच्या बंदुकीला असे तयार काही चालत नाही. तिला सगळे तोंडातून भरवावे लागते. आधी काळी दारू, तिच्यावर काथ्याचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा. आणि प्रत्येक वेळी लांब गजाने ठासायचे. शेवटी मागच्या बाजूला, कान म्हणतात त्या बारीक भोकावर, तांब्याची इवलीशी केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, ठिणगी कानातून आत जाते आणि बार होतो. एकच बार. पुढचा हवा असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जुन्या पलटणींतले सरावलेले शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढीत. माझ्या मामाला एका बाराला तीन मिनिटे लागतात, आणि तो ती मुद्दाम लावतो.

मामाची बंदूक पिकाच्या राखणीची. 1959 च्या शस्त्र कायद्यात या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. तिचे काम म्हणाल तर बहुतेक वेळा नुसते ओरडण्याचे. दारू आणि बोळा एवढेच भरून रात्री आभाळाकडे तोंड करून बार काढायचा. दोन डोंगर दणाणतात आणि डुकरे रानात पळतात. गोळी घालून रानडुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी हातात हवी. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तसे बंधन आहे आणि मामा ते पाळतो.

चार वर्षांपूर्वी, 2022 च्या उन्हाळ्यात, माझा मामेभाऊ मुंबई सोडून गावी आला. दहावी होऊन गेला होता तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी परतला. कंपनी बंद पडली होती, आणि इकडे काजू, भात, केळी बघायला म्हातारा एकटा. मामाने सत्तरी ओलांडली होती. परवाना वारसाच्या नावावर करून घ्यायचे त्याने ठरवले. अर्ज गेला. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा दाखलाही जोडायचा असतो. तो दाखला जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन भावाने आणला. घरी आला तेव्हा त्याला वाटले, आता आपल्याला बंदूक येते.

मामाने त्याला बंदुकीला हात लावू दिला तो गजासकट. माझी सुट्टी होती, मी पडवीत बसून पाहत होतो.

“भरलेली आसा की रिकामी?” मामाने विचारले.

भावाने घोडा पाहिला, कान पाहिला. केप नव्हती. “रिकामी,” तो म्हणाला.

“कोणी सांगला?”

“तुम्हीच म्हणालात ना, सकाळी पुसून ठेवली म्हणून.”

“बंदूक रिकामी आसा म्हणान कोणी सांगला तर त्याचो विश्वास धरू नको. माझोय नको. आदी गज घाल, मगे तोंड उघड.”

गजावर चाकूने पाडलेल्या दोन खुणा आहेत. नळी रिकामी असेल तर गज तळाला टेकतो आणि पहिली खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. बार भरलेला असेल तर गज तेवढा वर राहतो आणि दुसरी खूण दिसते. तिसरे काही असूच शकत नाही. दुसऱ्या खुणेच्याही वर गज राहिला तर कोणीतरी बारावर बार भरला आहे, किंवा गोळी दारूपर्यंत पोचलेली नाही, मध्ये पोकळी राहिली आहे. अशी बंदूक उडवली तर नळी फाटते, आणि जिथे फाटते तिथे उडवणाराचा डावा हात असतो.

हा सगळा कारभार म्हाताऱ्याचा वहम नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धात 1863 च्या जुलै महिन्यात गेटिसबर्गची लढाई झाली. लढाई संपल्यावर रणांगणावरून साडेसत्तावीस हजारांच्या आसपास बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे 24,000 भरलेल्याच होत्या, आणि भरलेल्यांतल्या निम्म्या बंदुकांत दोन-दोन बार होते. कित्येकांत तीन ते दहा. एका बंदुकीत तर एकावर एक 23 बार ठासलेले निघाले. तो शिपाई कोण होता, त्याचे काय झाले, कोणास ठाऊक. पण त्याचे हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. भोवती इतका गदारोळ की आपला बार उडाला की नाही हेही त्याला कळत नव्हते. हात मात्र शिकवलेले काम बिनचूक करीत होते. दारू, गोळी, गज. दारू, गोळी, गज. पाढे म्हणणारी मुले मी रोज ऐकतो. हाताला शिकवणे सोपे असते. हात काय करतो आहे याकडे लक्ष ठेवायला शिकवणे अवघड.

म्हणून मामाचा दुसरा नियम: बार भरताना बोलायचे नाही. कोणी हाक मारली, फोन वाजला, पाऊस आला, तरी नाही. आणि मध्येच खंड पडला तर पुन्हा गज घालून खूण बघायची. पहिला पावसाळाभर भावाने दारूच्या जागी रवा आणि छर्ऱ्यांच्या जागी कुळीथ घेऊन बंदूक भरली, आणि रिकामी केली. परवाना नावावर नव्हता, त्यामुळे खरा बार काढायची सोयच नव्हती. मामाला ते सोयीचेच होते असे मला वाटते. भाऊ कंटाळे. मोबाइलवरच्या खेळात त्याने शेकडो माणसे मारली होती; इथे त्याला कुळीथ मोजायला लावले होते.

दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. यांतला सोरा एके काळी बिहारच्या मातीतून निघून पाटण्याहून जहाजे भरभरून युरोपात जात असे. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या तिकडच्या कित्येक लढाया आपल्या मातीवर लढल्या गेल्या. ही दारू जुन्या स्वभावाची. धूर फार, वास फार, आणि निम्म्याहून अधिक भाग जळूनही घनरूपाने मागे राहणारा. 1886 साली फ्रान्सच्या सैन्याने बिनधुराच्या दारूची रायफल घेतली आणि थोड्याच वर्षांत जगभरच्या फौजांनी काळी दारू सोडली. ती नवी दारू ठासणीच्या नळीत चुकूनही घालायची नाही. तिचा जोर या नळीला सोसत नाही. मामाने हे भावाला एकदाच सांगितले, पण सांगताना त्याचा कान धरला. चौतीस वर्षांच्या, एका मुलीच्या बापाचा कान.

दारू शिंगात ठेवलेली असते, पण शिंगातून सरळ नळीत ओतायची नाही. आधी पितळेच्या मापात घ्यायची, शिंग मिटून बाजूला ठेवायचे, मग माप नळीत रिते करायचे. कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी काथ्यात धुमसत राहिलेली असू शकते. माप पेटले तर भुवया जातील. शिंग पेटले तर हात जाईल. आणि ओतताना तोंड नळीवर आणायचे नाही. नळीच्या समोर काय आहे हे माणसाने सतत जाणले पाहिजे, आणि पहिल्यांदा हे की समोर आपण स्वतः नाही.

केप सर्वांत शेवटी. बंदूक भरून खांद्याला लावून रान तुडवले तरी चालेल, पण केप डबीत. माळ्यावर चढताना केप डबीत. जनावर समोर उभे आहे आणि त्याच्या मागे माती आहे हे दिसले, म्हणजे मगच ती कानावर बसवायची. भाऊ म्हणाला, “तोवर डुक्कर पळून जाईल.”

मामा म्हणाला, “जाउंदे.”

पलीकडच्या गावात फार वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली होती. चौघे रात्री डुकरावर गेले. दोघे खालच्या अंगाला, दोघे वर. काळोखात करवंदीची जाळी हलली आणि वरच्याने बार टाकला. जाळीत त्याचा सोबती होता. तहान लागली म्हणून व्हाळाकडे उतरला होता. त्याला दवाखान्याकडे नेताना खाटेचा एक दांडा मामाच्या खांद्यावर होता. तो वाटेतच गेला. ज्याने बार टाकला तो पुढे तीस वर्षे जगला, पण त्याने पुन्हा कधी कोणाशी डोळा भिडवून बोलल्याचे मामाला आठवत नाही. ही हकीकत मामाने भावाला सांगितली ती गज पुसता पुसता, वर न बघता. शेवटी एवढेच म्हणाला, “हलता ता सगळा डुकर नसता.”

अलेक्झांडर फोर्साइथ नावाचा स्कॉटलंडमधला एक धर्मोपदेशक होता. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचे वेड. त्या काळी चकमकीच्या बंदुका असत. चकमक झडली की आधी बाहेरची रंजक भकन् पेटे आणि मग क्षणभराने बार होई. तेवढ्यात पक्षी तो उजेड पाहून उडून जात. या क्षणाचा त्याला राग आला. त्याने आघाताने पेटणारी रसायने वापरून नवी कळ बनवली आणि 1807 साली तिचे पेटंट घेतले. आजची केप त्या कल्पनेचीच नात. धर्मोपदेशकाने ठिणगी आणि बार यांमधला क्षण काढून टाकला. माझा मामा तोच क्षण उलट्या बाजूने परत आणण्याच्या खटपटीत असतो. चाप ओढल्यावर वेळ नको, कबूल. पण चाप ओढण्याआधी जेवढा मिळेल तेवढा हवा. ठासणीच्या बंदुकीचा दोष म्हणून जो सांगतात, तिचा संथपणा, त्याला मामा तिचा गुण समजतो. दुसरा बार लगेच नाही हे ज्याला ठाऊक असते, तो पहिल्याचा विचार करतो.

कधी केप फुटते आणि बार होत नाही. दारू सर्दावलेली असते, कान बुजलेला असतो, किंवा आत कुठेतरी ठिणगी धुमसत असते आणि बार थोड्या वेळाने होणार असतो. नवखा माणूस अशा वेळी बंदूक फिरवून नळीत डोकावतो. मामाचा नियम असा की तोंड समोरच्या दरडीकडे तसेच धरून मारुतिस्तोत्र पुरे म्हणायचे. घाईने नाही, देवळात म्हणतो तसे. मग पुढचा विचार. भाऊ देवाधर्मातला नाही, पण स्तोत्र त्याने पाठ केले.

अमेरिकेत इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचे गाव आहे. तिथे 1933 साली स्थापन झालेली अशा बंदुकांच्या हौशी लोकांची संस्था आहे. ते लोक निशाणे लावून, जुना पोशाख घालून, आनंदासाठी काळी दारू उडवतात आणि नवख्यांना शिकवतात. हौस आणि राखण यांत अंतर आहे. पण नियम, मला वाटते, दोन्हीकडे मामाचेच असणार. नळी आणि दारू माणसाचा देश विचारीत नाहीत.

दोन पावसाळे गेले, परवान्याचा कागद या मेजावरून त्या मेजावर फिरत राहिला. 2024 च्या ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि गावातल्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. नेमके भात पिकलेले असताना. त्या साली आम्ही पत्र्याचे डबे बडवले. डुकरांनी मतदान होईपर्यंत वाट पाहिली नाही. पुढच्या फेब्रुवारीत परवाना भावाच्या नावावर झाला.

पहिला खरा बार त्याने मार्चमध्ये काढला, नांगरल्या शेताच्या टोकाला, दरडीला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर. मी तिथे होतो. पावणेतीन वर्षे रवा ठासलेल्या हातांनी त्याने दारू मापली, बोळा ठासला, छर्रे घातले, खूण पाहिली. केप बसवली. काडतुसाच्या बंदुकीसारखा तडाखा याला नसतो. खांद्याला कोणी तळहाताने ढकलावे तसा रेटा बसतो. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि पुठ्ठा, दरड, शेत सगळे दिसेनासे झाले. “लागला का?” धुरातून त्याने विचारले. कोणी बोलले नाही. काळ्या दारूचा हा एक धडा आहे: आपण काय केले ते लगेच दिसत नाही. धूर जाईपर्यंत थांबावे लागते.

त्याच संध्याकाळी चुलीवर पाणी तापले. या दारूची राख ओल धरते आणि एका रात्रीत लोखंड खाते. कोकणच्या हवेत तर विचारायला नको. कढत पाणी नळीत ओतून, चिंधीने घासून, पाणी निवळ येईपर्यंत धुवायचे, आणि कोरडी करून आतून खोबरेल फिरवायचे. जेवण त्यानंतर.

गेल्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या रात्री आम्ही तिघे माळ्यावर होतो. नुसत्या आवाजाला डुकरे आताशा जुमानीत नव्हती, तीही शिकतात. वनखात्याची परवानगी मिळाली होती आणि बंदुकीत त्या रात्री गोळी होती. चांदणे होते, पण खालच्या कुणग्यावर आंब्याची सावली पडली होती. दीडच्या सुमारास त्या सावलीत भात हलू लागले. लोंब्या मोडल्याचा आवाज येत होता. भावाने बंदूक उचलली. केप त्याच्या बोटांत होती.

“काय दिसला?” मामाने अगदी हळू विचारले.

“डुक्कर असणार.”

“दिसला काय ता सांग. वाटला ता नको.”

भाऊ बराच वेळ पाहत राहिला. मी त्याचा श्वास ऐकत होतो. मग तो म्हणाला, “भात हलताना दिसतंय. बाकी काही नाही.” आणि मामाने काही सांगायच्या आत त्याने केप डबीत टाकली. डबीच्या झाकणाचा बारीक टक् आवाज झाला. त्याने मोठ्याने हाक दिली. हलणे थांबले, उत्तर आले नाही. आम्ही डबे बडवले. थोड्या वेळाने तेच हलणे आणखी खाली, गर्द काळोखात सुरू झाले आणि पहाटेपर्यंत अधूनमधून चालू राहिले.

उजाडल्यावर खाली उतरून पाहिले. कुणगा झोपला होता. चिखलात मोठ्या डुकराचे आणि तीन-चार पिलांचे खूर स्वच्छ उमटले होते. मामी बांधावर येऊन उभी राहिली. “मगे ती बंदूक कित्याक, शोभेक?” ती म्हणाली. तिचेही खरे होते. वर्षाच्या भातातला तो मोठा वाटा होता. लावणीला ती स्वतः चार दिवस वाकली होती.

भाऊ खुरांकडे पाहत म्हणाला, “बाबा, डुक्करच होतं.”

“होता,” मामा म्हणाला. “पण राती तुका ठावक नव्हता.”

मग मामीकडे वळून, जरा खालच्या आवाजात, “भात फुडल्या वर्साक परत येतला. माणूस येवचो नाय.”

मामी काही बोलली नाही. वाकून मोडलेल्या लोंब्या गोळा करू लागली. मीही केल्या. शाळेत मी मुलांना बरोबर उत्तरासाठी गुण देतो. त्या सकाळी मला वाटत राहिले की भावाचे उत्तर खुरांनी चूक ठरवले होते आणि तरी त्याला पैकीच्या पैकी द्यायला हवे होते. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणायला, तेही बोटात केप आणि समोर आपले पीक जात असताना, किती माणसांना येते?

बंदूक भरलेली होती. ठासणीची बंदूक रिकामी करायची तर बहुधा उडवूनच करावी लागते. भावाने ती दरडीकडे नेली, मागेपुढे पाहिले, आम्हाला मागे उभे केले, केप लावली आणि तो बार मातीला दिला. धूर ओल्या भातावरून हळूहळू सरकत गेला. तो पुरता विरेपर्यंत भाऊ जागचा हलला नाही. मग त्याने गज काढला, नळीत सोडला, आणि खाली वाकून पहिली खूण नळीच्या तोंडाशी आली आहे ना ते पाहिले.

“रिकामी,” तो म्हणाला.

मामाने पुढे होऊन त्याच्या हातातला गज घेतला आणि स्वतः पुन्हा घालून पाहिला. भाऊ हसला. आणि मामी चुलीवर पाणी ठेवायला घराकडे निघाली.